यात्रेच्या शहरातली हवा



साथीत गेलेल्या माणसांच्या स्मरणासाठी व्याख्यान ठेवावे, असे आपल्या समाजात सहसा कोणाला सुचत नाही. लढाईत पडलेल्यांचे स्तंभ आपण उभारतो. साथीत गेलेला माणूस घरच्यांपुरताच उरतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझात हिंदुस्थानातली सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे गेली, असे आजचे अभ्यासक सांगतात. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे तेवढे एकदाच झाले. एवढे मोठे मरण, आणि पुढच्या पिढीच्या बोलण्यातून ते जवळजवळ पुसले गेले. म्हणून साथीत दगावलेल्यांच्या नावाने उज्जैनच्या या भैरवगढमध्ये तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता याचे मला फार मोल वाटते. मी छातीच्या रोगांचा डॉक्टर. श्वासावाटे पसरणाऱ्या साथीबद्दल आज आपल्याला काय कळले आहे, ते कळायला इतका उशीर का झाला आणि या शहराने त्यातून पुढे काय करावे, एवढेच मी बोलणार आहे.

सुरुवात इथूनच करू. २५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. उज्जैनमधल्या मराठी घरांनी त्या सकाळी गुढ्या उभारल्या, पण गुढीच्या पाया पडायला शेजारी आले नाहीत. त्याच दिवशी मध्य प्रदेशातला कोरोनाचा पहिला मृत्यू नोंदला गेला. त्या पासष्ट वर्षांच्या बाई उज्जैनच्याच होत्या आणि इंदूरच्या रुग्णालयात गेल्या. त्यांनी परदेशप्रवास केल्याची नोंद नव्हती. म्हणजे विषाणू आपल्या गल्लीत आधीच येऊन बसला होता आणि आपण अजून विमानतळावर त्याची वाट पाहत होतो.

राज्यात त्या आठवड्यात काय चालले होते तेही आठवा. २० मार्चला कमलनाथांनी राजीनामा दिला, २३ मार्चला रात्री शिवराजसिंह चौहानांनी शपथ घेतली, आणि पाच मंत्र्यांचे पहिले मंत्रिमंडळ बनायला २१ एप्रिल उजाडला. शतकातली सर्वांत मोठी साथ दारात असताना जवळपास महिनाभर या राज्याला आरोग्यमंत्री नव्हता. मी पक्षांविषयी बोलत नाही. कोणत्याही पक्षाने असे केले असते तरी मी हेच म्हटले असते की हे अक्षम्य होते.

पुढे मे महिन्याच्या सुरुवातीला उज्जैनचे नाव देशभर झाले, पण ते वाईट कारणाने. जिल्ह्यात नोंद झालेल्या दर पाच रुग्णांमागे सुमारे एक दगावत होता. देशाचे प्रमाण तेव्हा शंभरात तीनच्या आसपास होते. विषाणू काही उज्जैनवर जास्त रुष्ट नव्हता. असा आकडा दिसला की डॉक्टरने दोन प्रश्न विचारायचे असतात. सौम्य आजारी माणसे मोजलीच गेली नाहीत का? आणि जी मोजली गेली ती फार उशिरा आली का? इथे दोन्ही झाले होते. चाचण्या तोकड्या होत्या, नमुने बाहेरगावी जात आणि निकाल यायला दिवस लागत. तोवर माणूस घरी धापा टाकत बसे. तपासणीला गेलो तर उचलून नेतील, घरावर पाटी लावतील, मोहल्ल्यात बोभाटा होईल, ही भीती होती. ओठ निळे पडल्यावर जो रुग्ण येतो त्याच्यासाठी आमच्या हातात फार थोडे उरते.

आणि जे वेळेत आले त्यांच्यासाठी सुद्धा सगळे तयार होते असे नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या शहरातल्या एका रुग्णालयात अत्यवस्थ बाईंना रुग्णवाहिकेतून आणले, तर अतिदक्षता विभागाला कुलूप होते. किल्ली मिळेना. कुलूप तोडेपर्यंत वेळ निघून गेला आणि त्या बाई वाचल्या नाहीत. ती बातमी तेव्हा देशभर छापून आली होती. श्वसनयंत्रे किती, खाटा किती, याचे तक्ते तेव्हा रोज निघत. किल्ली कोणाकडे आहे याचा तक्ता नव्हता. २१ एप्रिलला नीलगंगा ठाण्याचे प्रभारी यशवंत पाल याच आजाराने गेले. सील केलेल्या वस्तीच्या बंदोबस्तावर त्यांची नेमणूक होती. आजच्या स्मरणात त्यांचेही नाव असावे.

त्या दिवसांत आपण काय काय केले? रस्त्यांवर औषध फवारले. गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू बांधले. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटा उन्हात वाळवल्या. हे सगळे लोकांनी मनापासून केले, जिवाच्या भीतीने केले, आणि त्यातल्या हात धुण्यासारख्या गोष्टी इतर अनेक रोगांसाठी चांगल्याच आहेत. पण विषाणूचा मुख्य रस्ता वेगळा होता. तो भाजीवरून कमी आणि बंद खोलीतल्या हवेतून जास्त येत होता. रस्त्यावर, जिथे हवा मोकळी होती आणि धोका सर्वांत कमी होता, तिथे आपला सगळा पहारा होता. आणि बंद दाराआड सात माणसे एका खोलीत श्वास घेत होती.

ही गोष्ट भैरवगढमध्ये समजावून सांगायला मला परदेशी पुस्तकाची गरज नाही. तुमच्या इथल्या बाटिक छपाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वितळलेले मेण लोखंडी कलमाने कापडावर उतरवायचे, कापड रंगाच्या कुंडात बुडवायचे, शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवायचे, हे काम करणाऱ्या घरांना मेणाचा धूर चांगला ठाऊक आहे. दार-खिडकी लावून मेण तापवले तर तो धूर खोलीभर भरतो. शेगडीपासून सहा फुटांवर रेघ मारली म्हणून तो रेघेशी थांबत नाही. शेगडी विझवल्यावरही बराच वेळ तो तिथेच राहतो. दार उघडले की पातळ होतो. कोरोनाच्या रुग्णाच्या तोंडानाकातून बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना जे सूक्ष्म कण बाहेर पडतात ते याच चालीने वागतात. फरक इतकाच की धूर दिसतो आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून कारागीर लगेच खिडकी उघडतो. या कणांना रंग नाही, वास नाही.

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. ६१ माणसे, अडीच तास. कोणी हस्तांदोलन केले नाही, दारात हात धुवायचे द्रावण ठेवले होते, सगळ्यांनी काळजी घेतली. त्यांतल्या ५२ जणांना एकाच बाधित माणसाकडून आजार झाला किंवा झाला असावा असे आरोग्यखात्याच्या तपासात निघाले. दोघे वारले. मोठ्याने गाणारा माणूस शांत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त कण बाहेर टाकतो. ज्या समाजात भजनी मंडळ संध्याकाळी सभामंडपाची दारे लोटून बसते, त्या समाजाने ही घटना लक्षात ठेवायला हवी. भजन थांबवू नका. ते अंगणात करा.

चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहाची हकिकत अशीच आहे. जानेवारी २०२० मध्ये तिथे शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवायला बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. खोलीतले वातानुकूलन यंत्र तीच हवा त्या तीन टेबलांमध्ये फिरवत होते. त्या झोताबाहेर बसलेले गिऱ्हाईक आणि वाढपी वाचले.

अशा घटना समोर येत असताना २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की हा रोग हवेतून पसरत नाही. तेही 'हेच तथ्य' अशा ठाम शब्दांत. हवेतल्या कणांचा आयुष्यभर अभ्यास केलेले शास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने निघालेल्या पत्राला २३९ जणांनी पाठिंबा दिला. बंद जागेतल्या हवेचा धोका मान्य करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. संघटनेने ते हळूहळू, अटी घालत मान्य केले. लोकांसाठीच्या तिच्या माहितीत हा मार्ग स्पष्टपणे आला तो ३० एप्रिल २०२१ रोजी. त्याच सुमारास भारतात एका दिवसाच्या रुग्णसंख्येने चार लाख ओलांडले होते. त्या तेरा महिन्यांत किती शाळा, किती कचेऱ्या, किती दवाखाने खिडक्या लावून आणि फरशा पुसून सुरक्षित झाल्याच्या समजुतीत राहिले, याचा विचार मला आजही शांत बसू देत नाही.

एवढी हुशार माणसे अडली कुठे? याचे उत्तर दीडशे वर्षे मागे जाते, आणि मला वाटते, उज्जैनसारख्या तीर्थक्षेत्राला ते सर्वांत जवळचे आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत रोग दूषित हवेने होतात अशीच समजूत होती. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी पटकीचा उगम एका पंपाच्या पाण्यात दाखवला. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात येऊन पटकीच्या जंतूवर शिक्कामोर्तब केले. हवेचे जुने मत हरले, आणि ते हरणे योग्यच होते. पण त्या विजयानंतर 'हवेतून' हा शब्द उच्चारणेच वैद्यकात मागासलेपणाचे झाले. १९३० च्या दशकात विल्यम वेल्स यांनी सूक्ष्म कण तासन्‌तास तरंगतात हे मांडले. पुढे रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरमध्ये क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळ्यांनी गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांना क्षय झाला. क्षयाच्या बाबतीत ही गोष्ट वैद्यकाने स्वीकारली, पण बाकीच्या श्वसनरोगांसाठी 'थेंब उडतात आणि तीन-सहा फुटांत खाली पडतात' हेच पाठ्यपुस्तकात राहिले. आम्ही विद्यार्थी तेच शिकलो.

आणि यात्रांचा सगळा बंदोबस्त उभा राहिला तो पटकीच्या धाकाने. १८६७ च्या हरिद्वार कुंभानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर गेली. त्याच्या आदल्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले गेले होते. तिथून पुढे पंढरपूर असो, हरिद्वार असो की उज्जैन, सरकारने आणि संस्थानिकांनी यात्रेचा आरोग्यविचार केला तो पाण्याचा. विहिरीत औषध टाकणे, संडासांचे चर, नळाचे पाणी, पटकीची लस. हे काम मोठे आहे. उज्जैनच्या कुंभात, म्हणजे सिंहस्थात, आज पटकीने माणसे मरत नाहीत, यामागे निनावी सफाई कामगारांच्या आणि पाणीखात्याच्या कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या आहेत. मात्र या साऱ्यात हवेला जागाच मिळाली नाही. २०१६ च्या सिंहस्थात क्षिप्रेत नर्मदेचे पाणी आणले गेले. धर्मशाळेतल्या एका खोलीत किती माणसे झोपतात आणि तिला खिडकी आहे का, हा प्रश्न कोणी आराखड्यात लिहिला असेल असे मला वाटत नाही.

श्वासाची साथ भारताला नवी नव्हती. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने पडले. नुकतीच लष्करी माणसांना घेऊन बोट आली होती. महिन्याभरात ताप शहरभर झाला, आगगाडीने देशभर गेला, आणि सप्टेंबरात उलटला तो मारक होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस बुडाला होता, धान्य महागले होते. वऱ्हाड-मध्य प्रांत आणि मुंबई इलाखा सर्वांत जास्त भरडले गेले. वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे गेली, आणि त्यांत बायका पुरुषांहून अधिक होत्या. बायका का? चुलीच्या कोंदट खोलीत दिवस काढणाऱ्या त्याच होत्या, आणि घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याही त्याच. सर्वांत शेवटी जेवणाऱ्याही त्याच. १९१८ चे सरकारी अहवाल हे कारण अर्धवट सांगतात. घरात वावरलेल्या माणसाला ते पूर्ण कळते.

त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या कोरी टेकडीवर उघड्या माळावर तंबूंचे रुग्णालय उभारले गेले आणि आजारी खलाशांना दिवसा उन्हावाऱ्यात ठेवले. आपल्याकडे मिरजेच्या क्षयरुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्णांच्या खाटा व्हरांड्यात असत. क्षयावर औषध नव्हते तेव्हा वैद्यकाकडे हवा हेच मोठे साधन होते. औषधे आली आणि आम्ही व्हरांडे बंद करून त्यांच्या खोल्या केल्या. उज्जैनमध्ये शिंदेशाहीच्या काळातले जे थोडे वाडे उरले आहेत त्यांत मधला चौक आहे, वरच्या मजल्याला झरोके आहेत. त्याच वाड्यांच्या जागी आता काचेची हॉटेले उभी राहत आहेत. त्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत.

इथे मला माझा मुख्य मुद्दा मांडू द्या. पाण्याची साथ सरकार बऱ्याच अंशी एकट्याने आवरू शकते. टाकीत क्लोरीन टाकले की गावाला मिळते, गावाची संमती लागत नाही. हवेचे तसे नाही. माझ्या घराची खिडकी पोलीस उघडू शकत नाही. घरात ताप आला हे मी लपवले तर कोणताही जिल्हाधिकारी ते शोधू शकत नाही. म्हणून श्वासाच्या साथीत लोकांचा विश्वास हाच बंदोबस्ताचा पाया असतो. भीती घातली की लोक दारे लावून घेतात, आणि या रोगाला नेमके तेच हवे असते.

महाराष्ट्राने हे १८९७ मध्ये पाहिले. प्लेगसाठी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड साहेबाच्या हुकमाने सोल्जर घराघरात, देवघरापर्यंत शिरले. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली. २२ जूनला रँडवर चापेकर बंधूंच्या गोळ्या झडल्या. त्याच प्लेगात त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. रुग्णाला स्वतः उचलून दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली. एकीकडे रुग्ण शोधायला संगिनी आणि दुसरीकडे रुग्णाला पाठीवर घेणारी बाई. लोकांनी कोणापासून रुग्ण लपवला आणि कोणाच्या स्वाधीन केला, हे सांगायला नको. २०२० मध्ये आपण सर्वप्रथम बाहेर काढला तो हाच १८९७ चा कायदा.

पण २०२० मध्ये दुसरीही उदाहरणे घडली. १ एप्रिलला इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्या पथकात डॉ. तृप्ती काटदरे आणि डॉ. झाकिया सय्यद होत्या. दोघी जखमी झाल्या आणि लगेच पुन्हा कामावर रुजू झाल्या, तेही त्याच भागात. मार खाल्लेली डॉक्टर दुसऱ्यांदा दार ठोठावते तेव्हा दारामागच्या माणसाला जे कळते ते कोणत्याही ध्वनिक्षेपकावरून कळवता येत नाही. त्याच १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसे. तिथे अंतर पाळा म्हणणे निरर्थक होते. महापालिकेने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन दारोदार पाठवले. ओळखीचा डॉक्टर आला म्हणून लोकांनी ताप सांगितला. आणि आषाढी वारी! ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जून २०२० रोजी एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी ते सोसले, कारण त्यांना आधी विचारले गेले. शेकडो वर्षांची पायवाट मोकळी ठेवणाऱ्या त्या लाखो माणसांनी जे केले ते मला या साथीतले सर्वांत मोठे लोककार्य वाटते.

त्याच्या उलट २०२१ चा हरिद्वार कुंभ. तिथे चाचण्यांची सक्ती होती, कागदावर आकडे भरभक्कम होते. पुढे प्राथमिक चौकशीत निघाले की सुमारे एक लाख चाचण्या बनावट होत्या. ज्यांच्या नावाने अहवाल निघाले त्यांतले कित्येक हरिद्वारला गेलेही नव्हते. एप्रिलच्या मध्यात कुंभ प्रतीकात्मक ठेवा असे पंतप्रधानांनी आवाहन केले तेव्हा दोन मोठी शाही स्नाने होऊन गेली होती.

लसीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिली. भैरवगढमध्ये तुरुंग आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. साथींच्या इतिहासात कैद्यांचे योगदान मोठे आहे आणि त्यांचा जीवही सर्वांत आधी टांगणीला लागतो, कारण बराकीतली हवा बदलणे कैद्याच्या हातात नसते. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना कैदी तात्पुरते सोडण्यासाठी समित्या नेमायला सांगितले ते याच कारणाने. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये विषाणू वेगळा केला, कोव्हॅक्सिन त्यावरच बनली. कोविशील्डही पुण्यातच तयार झाली. लशींनी असंख्य जीव वाचवले. पण लशीने खोलीतली हवा बदलत नाही. आणि नव्या विषाणूवर लस यायला काही महिने तरी लागणारच. त्या महिन्यांत आपल्या हातात फक्त हवा, मास्क आणि खरी माहिती असते.

त्या महिन्यांत काय करता येते ते नंदुरबारने दाखवले. सातपुड्यातला आदिवासी जिल्हा, तुमच्या राज्याला लागून असलेला. तिथले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, प्राणवायूचा पहिला प्रकल्प उभारला आणि पुढची लाट येण्याआधी आणखी उभारले. विदर्भातून विषाणूचा डेल्टा प्रकार उसळला, मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडर खांद्यावर घेऊन रांगेत उभे राहिले, तेव्हा नंदुरबारमध्ये प्राणवायू होता. साथ शांत असताना केलेला खर्च कोणाला दिसत नाही, म्हणून असे अधिकारी विरळा.

आता गेलेल्यांच्या मोजणीविषयी. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात कोरोनामुळे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी नोंद तेव्हा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होती. भारत सरकारला हा अंदाज मान्य नाही. वाद पद्धतीचा आहे आणि तो तज्ज्ञांनी करावा. मात्र एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी कोणत्याही शहरातले स्मशान पाहिले त्यांना सरकारी तक्ता अपुरा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागला नाही. पुढे वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत ठरली, तेव्हा 'मृत्यूचे कारण' या रकान्यात काय लिहिले आहे यावर एकेका विधवेचे भवितव्य अडले. छपाईच्या हंगामाची कमाई बुडालेल्या घरात ती रक्कम लहान नसते. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की खरे मृत्यू ज्या शहराला माहीत नाहीत त्याला पुढच्या साथीची तयारी किती करायची हेही कळत नाही. गेलेल्यांचा हिशेब सचोटीने ठेवणे हा त्यांचा हक्क आहे.

२०२८ मध्ये उज्जैनला पुन्हा सिंहस्थ आहे. घाट बांधले जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत. सिद्धवट आणि मंगलनाथाकडे जाणारी गर्दी तुमच्याच दारावरून जाणार. उघड्या घाटावर स्नान करणाऱ्याची मला एवढी चिंता नाही. चिंता आहे ती रात्री बंद दालनात चाळीस-पन्नासांच्या दाटीत झोपणाऱ्यांची, खिडक्या लावलेल्या बसची, दवाखान्याच्या कोंदट प्रतीक्षागृहाची. हवेतला कर्बवायू मोजणारे छोटे यंत्र आज काही हजार रुपयांत मिळते. मोकळ्यावर ते दशलक्षात साधारण ४२० दाखवते. खोलीत आकडा हजाराच्या वर गेला की समजावे, आपण एकमेकांचा सोडलेला श्वास घेत आहोत. प्रत्येक धर्मशाळेत असे एक यंत्र असावे, समोरासमोर दोन उघडणाऱ्या खिडक्या असाव्यात, नसतील तर बाहेर हवा फेकणारा पंखा असावा. मांडव तिन्ही बाजूंनी मोकळे असावेत. सांडपाण्याच्या नमुन्यांतून विषाणूचा माग काढण्याचे तंत्र देशातल्या काही शहरांत वापरले गेले आहे. यात्रेच्या शहरात ते आधी यायला हवे. तापाच्या रुग्णाला पाटी लागणार नाही, मजुरी बुडणार नाही, असा शब्द प्रशासनाने आधी द्यावा आणि पाळावा. आणि प्रत्येक रुग्णालयाच्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली कामावरच्या परिचारिकेकडे असावी.

हे सगळे सरकार करील म्हणून थांबू नका. धर्मशाळांचे विश्वस्त तुमच्यातलेच आहेत, भजनी मंडळे तुमची आहेत, शाळांच्या समित्यांवर तुम्ही आहात. माझी विनंती एवढीच आहे की आज उठण्यापूर्वी या सभेने एक ठराव करावा. सिंहस्थाच्या आराखड्यात पाण्याच्या प्रकरणाशेजारी हवेचे प्रकरण घालावे, आणि २०२० व २०२१ मध्ये भैरवगढमध्ये गेलेल्या प्रत्येकाचे नाव घरोघर विचारून एका वहीत उतरवावे. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा, आणि वहीचे काम उद्यापासून सुरू करा.